राणीची नऊवारी

सातवीतली कावेरी गॅदरिंगमध्ये झाशीची राणी झाली, पण घरात राणीला शोभेल असं काहीच नव्हतं. जालन्याच्या मिलमध्ये कामाला जाणाऱ्या बापानं भंगारातली पट्टी घासून तलवार केली. उषाबाईनं चिंध्यांचं बाळ शिवून लेकीच्या पाठीला बांधलं. अडलं ते नऊवारीपाशी. ती आष्टीची नणंद गोजरबाई स्वतः घेऊन आली, हिरवीगार, जरीकाठाची.

"एवढीशी पोर, पायात अडकून पडंल," गोजरबाई म्हणाली.

"न्हाई पडत, अक्का. मी नेसवते बराबर."

आणि मायेनं ती अशी चापूनचोपून नेसवली, की ज्वारीच्या ताटासारखी सडसडीत पोर स्टेजवर उभी राहिली अन् सगळं पटांगण गप झालं. "हिची शाळा सोडवू नका," शाळेच्या बाई मुद्दाम खाली येऊन म्हणाल्या. घरी येईस्तोवर उषाबाईच्या मनात लेक दहावी झाली, नर्स झाली, पांढरी साडी नेसून दवाखान्यात हिंडू लागली.

सकाळी तिनं नऊवारीची घडी घालून नणंदेच्या पिशवीत ठेवली. नणंदेनं ती काढून पुन्हा तिच्याच हातात दिली.



"ऱ्हाऊ दे इथंच. काल साडीत चांगली मोठी दिसली पोर. माझ्या लेकासाठी, रामकिसनासाठी मागितली मी, भाऊ न्हाई म्हनला न्हाई. हळदीला तूच नेसव, तुला बराबर जमतं."