तिघांशिवाय प्रवेश नाही

"टोलचं यंत्र चुकीच्या बाजूला बसवलंय," काचेतून आत डोकावत आई म्हणाली. "चालकासमोर हवं."

पेकलिनने कपाळाला हात लावला. आधी रंग पसंत नव्हता. मग दारावर भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीचं चिन्ह हवं होतं. बाबांना म्हणे सामायिक गाडीचीच सवय, स्वतःच्या मालकीची त्यांना झेपायची नाही. आणि आता हे यंत्र. अख्ख्या सिंगापुरात एवढं चिकित्सक गिऱ्हाईक दुसरं नसेल.

"एवढं बारीक कोण बघतंय, वहिनी?" दुकानदार क्वेकही वैतागला होता.

"टोलच्या कमानीखाली बघतात," आई म्हणाली. "आणि अडवतात."

आईच्या ऑपरेशनच्या दिवशी बाबांची गाडी अशीच अडली होती. सकाळच्या गर्दीत शहराच्या मध्यभागी सामायिक गाडीला तिघांशिवाय प्रवेश नाही, आणि बाबा एकटे. दुप्पट टोल भरायची तयारी दाखवली, तरी गाडी कमानीपुढे सरकेना. उन्हातून धापा टाकत ते चालत पोचले, तोवर आईला आत नेलं होतं. ती घाबरलेली, आणि शेजारी कुणी नाही. तो राग तिच्या मनातून कधी गेला नाही. बाबांवरचा नव्हे, त्या कमानीवरचा.

"बरं, हलवतो यंत्र," क्वेक म्हणाला. "झालं ना?"

"आणि तिघांचं काय? ह्यांच्याबरोबर हेंगभाऊ आणि त्यांची बायको घाला. परवान्यावर त्यांचीही नावं हवीत."

"शेजाऱ्यांना कशाला गुंतवतेस?" पेकलिन वैतागली. "विचारलंस तरी का?"

"त्यांच्या मुलाला विचारलं. त्याला बरंच वाटलं."

क्वेकने मुकाट्याने यंत्र उपटून उजवीकडे चिकटवलं, परवान्यावर नावं घातली. गोंद वाळेपर्यंत हात लावू नका, पावसात ठेवू नका, असं बजावून त्याने गाडी एकदाची लॉरीवर चढवून दिली.

देवळामागच्या अंगणात गाडी उतरली. आईने यंत्र पुन्हा तपासलं, तिन्ही नावं मोठ्याने वाचली. पेकलिन घड्याळाकडे बघत उभी होती.

"अहो, आता तुम्हाला कुणी अडवणार नाही," आई हळूच म्हणाली. "मला न्यायला याल, तेव्हा तेवढं वेळेवर या."

आणि बाबांच्या तसबिरीसमोर उभ्या केलेल्या त्या कागदी गाडीला, धुरातून ती त्यांच्यापर्यंत पोचावी म्हणून, तिने काडी लावली.