लाल पट्टी

दुपारी चार वाजता वेब डिझाइनच्या ऑनलाइन मासिकाच्या संपादक शाहीन मुजावर यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि लेखातली अक्षरं पाण्यासारखी बाजूला सरकली. बोट फिरेल तिकडे ओळी वाट देत होत्या. इतक्या वर्षांत असं पान त्यांनी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, लेखावर ती इशाऱ्याची लाल पट्टी नका ना लावू," ही युक्ती शोधून लेख लिहिणारा हेरंब फोनवर म्हणाला. "'प्रायोगिक, चालू साइटवर वापरू नका' वाचलं की लोक खेळणं समजतात. दोन वर्षं घातलीत मी यात."

"एकाच ब्राउझरमध्ये चालतं रे हे. गेल्या दिवाळीत अशाच एका लेखावर पट्टी लावायची राहिली आणि त्यातली युक्ती वापरणाऱ्या एका मिठाईवाल्याची साइट ऐन गर्दीत कोरी पडली. शिव्या मी खाल्ल्या."

"मग जिथे चालत नाही तिथे उघडून बघा की!"

नुसता राडा दिसणार, या खात्रीने त्यांनी जुन्या फोनवर पान उघडलं. अक्षरं हलली नाहीत, पण एकही ओळ तुटली नव्हती. लेख शेवटपर्यंत स्वच्छ वाचता येत होता. त्या बघतच राहिल्या.

"अरे, पडतानासुद्धा कुणाला लागू दिलं नाहीस तू," त्या हळूच म्हणाल्या.

पाचला लेख प्रसिद्ध झाला. पट्टीवर आता 'प्रायोगिक' एवढाच शब्द होता. सहाला एका वाचकाने कळवलं, की त्याने ही युक्ती एका दवाखान्याच्या चालू साइटवर लावली आहे. मुजावरांनी दुवा दाबला.

पडदा कोरा होता; पान अजून उघडतच होतं.