मामंजींचा सदरा

चाकाची खुर्ची बाळांच्या वॉर्डात शिरली आणि सवयीने तिचा हात पदराकडे गेला. अंगात दवाखान्याचा गाऊन, पदर कुठला? समोर मामंजी, तिचे सासरे, उघड्या अंगाने बसले होते. डोक्यावर टोपी तेवढी होती.

सातव्या महिन्यातच वार गर्भपिशवीपासून सुटली, रक्त थांबेना, म्हणून पोट कापून बाळ काढलं. ती वाचली, पण बाळाचं अंग सारखं गार पडायचं. नवऱ्याला ताप, म्हणून त्याला आत मनाई. "बाळाला माणसाच्या छातीची ऊब हवी म्हटलं, तर यांनी मुकाट्याने सदरा काढला," खुर्ची ढकलता ढकलता सिस्टर सांगत होत्या.

खाकरल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारे मामंजी! त्यांच्या छातीवरच्या पांढऱ्या केसांत मूठभर बाळ गाढ झोपलं होतं.

तिला पाहून ते ओशाळले. सदऱ्याकडे गेलेला हात बाळ हलताच थांबला.

"उठता येत नाही गं पोरी. आत्ताच डोळा लागलाय."

"नका उठू, मामंजी," लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघत ती म्हणाली. "मीच येते जवळ."