फ्लोटमधली हवा

अकोल्यात दुपारी दोनला पोरांची परीक्षा, आणि अमरावतीत लष्कराच्या मोडीतून घेतलेल्या माझ्या मोटारसायकलचं पेट्रोल आज तिसऱ्यांदा गळत होतं.

"गुरुजी, कावून वैतागता? भोक सापडलं," ताहेर मिस्त्री म्हणाला. कार्ब्युरेटरमधला पोकळ पितळी फ्लोट त्याने गरम पाण्यात बुडवून धरला होता. एका बारीक भोकातून बुडबुडे येत होते.

लिंबाएवढ्या फ्लोटमधली हवा केव्हाच संपायला हवी होती. बुडबुडे थांबेनात.

मी चिडून श्वास रोखला. बुडबुडे थांबले. श्वास सोडला, तर पुन्हा आले. तीनदा तसंच झालं.

"ताहेरभाई, राहू द्या. गळू द्या."

"थांबा ना जी! कथील लावलं का कायमचं बंद होते."

फ्लोट पाण्याबाहेर काढून त्याने कथिलाची तापलेली सळई भोकावर टेकवली. 'नको' म्हणायला मी तोंड उघडलं, पण छातीत तेवढ्यापुरतीही हवा उरली नव्हती.