मागच्या वर्षी गेला

त्यांच्या गटात सव्वीस माणसं होती, चाकांच्या दोन खुर्च्या, फुलांच्या तीन टोपल्या आणि एक कुत्रा. कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा झेंड्याच्या रंगांची फीत होती. पुढे बँड, मागे शाळेची मुलं आणि मधे हा गट. प्रत्येक घरातल्या एकाने छातीशी फोटो धरला होता, गणवेशातल्या कुणाचा तरी.

मामाला मिरवणुकीत यायचं नव्हतं. भाचीकडे महिनाभर राहायला आलेला माणूस; यांचा राष्ट्रीय दिवस यांना लखलाभ, आपण कशाला लुडबुड करा, असं त्याचं म्हणणं. पण शेजारच्या बाईंनी दारात येऊन त्याच्या हातात कागदी झेंडा दिला आणि दंडाला धरून त्याला जिना उतरवला. नाही म्हणायला त्याला त्यांची भाषा येत नव्हती.

बाईंच्याही छातीशी फोटो होता. कोवळा चेहरा, टोपी जरा मोठीच. मामाने भाचीला हळूच विचारलं, "कोण गं हा?"

"मुलगा त्यांचा. मागच्या वर्षी गेला."

भाची प्रयोगशाळेत काम करायची आणि बोलतानाही थेंब मोजून बोलायची. त्यात ती वाकून एका खुर्चीचं अडकलेलं चाक सोडवत होती.

"वय?"

"चोवीस."

"कुठं?"

"समुद्रावर. जहाजावर."

मामाने च् च् केलं, ते बँडच्या आवाजात विरून गेलं. त्याने पुढे काही विचारलं नाही, पण नुसतं चालवेनाही. गावाकडे त्याचं हारांचं दुकान होतं. मिसरूड फुटल्यापासून तो फुलं ओवत आला होता. लग्नाला, सत्काराला आणि लोक रडत रडत न्यायला येत त्यालाही. सुई आणि दोऱ्याचं रीळ खिशात नसलं तर त्याला अंगावर सदरा नसल्यासारखं वाटायचं. गटातली माणसं टोपल्यांतली फुलं दुतर्फा उभ्या लोकांवर उधळत होती. मामाने ओंजळभर उचलली, पांढरीच होती सगळी, आणि चालता चालता ओवायला लागला.

पुढच्या चौकात बँड थांबला, तेव्हा हार तयार होता. मामा बाईंच्या समोर गेला, फोटोला हार घातला, हात जोडले आणि मान खाली घालून उभा राहिला. भाषा नसली म्हणून काय झालं, एवढं कुठल्याही आईला कळेल, असं त्याला वाटलं.

बाईंचे डोळे भरून आले. मग त्या हसल्या, अगदी तोंडभर, आणि भाचीला भराभरा काहीतरी सांगू लागल्या. भाचीने वळून फोटो पाहिला. तिचा चेहरा पडला.

"मामा, हे काय केलंस?"

"का? चुकलं काही?"

"जिवंत आहे तो. रविवारी फोन येतो त्याचा. या रविवारी त्याला हार दाखवणार म्हणतायत."

"तूच म्हणालीस, गेला."

"नोकरीवर गेला, मामा. नौदलात."

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळेच फोटो जिवंत माणसांचे होते. लांब कामावर असलेल्या पोरांना घरच्यांनी आज आपल्याबरोबर चालायला आणलं होतं, एवढंच.

त्याने हार काढायला हात पुढे केला. बाईंना वाटलं, तो सारखा करतोय. त्यांनी स्वतःच हाराच्या दोन्ही बाजू नीट केल्या आणि विचारलं, तुमच्याकडे याचा अर्थ काय असतो?

भाचीने प्रश्न मराठीत सांगितला आणि आवाज खाली आणला. "काय सांगू? खरं सांगू?"

मामाने बाईंकडे पाहिलं. त्या फुलांवर नाक टेकवून वास घेत होत्या.

"सांग, मानाचा असतो."

भाचीने सांगितलं. एवढ्याशा वाक्याला तिला बराच वेळ लागला.

मानाचा म्हटल्यावर काय, बघता बघता गटभर झालं. मुलीचा फोटो घेतलेला एक टकला बाप ओंजळीत फुलं घेऊन मामासमोर येऊन उभा राहिला. आमच्या पोरीलाही एक होईल का, म्हणत होता.

"दोरा संपला म्हणावं," मामा म्हणाला. खिशात त्याने रीळ इतकं आवळलं होतं की सुई तळहातात रुतली.

भाचीने त्याच्या खिशाकडे एकदा पाहिलं आणि तसंच सांगितलं. बापाने समजुतीने मान हलवली. मग खाली बसून त्याने आपल्या बुटाची नाडी ओढून काढली आणि बाईंच्या फोटोकडे बघत बघत तिच्यात एकेक फूल गाठवायला लागला. ते बघून एका आजीने केसांची रिबीन सोडली. कुणी कुत्र्याच्या गळ्यातली फीत काढली. आजीने आपलं वेडंवाकडं काम मामासमोर धरलं आणि भुवया उंचावून विचारलं, असंच ना?

मामाने मान हलवली. असंच.

बँड पुन्हा सुरू झाला. बाई त्याचा दंड धरून चालत होत्या, सोडत नव्हत्या. गट मैदानाच्या फाटकाशी पोचला, तेव्हा अकरा फोटोंपैकी नऊंना हार होते.