आक्काच्या भिंतीला लागून

कॉम्प्युटरवरचा रेंडर संपला, त्याच्या पंख्याची घरघर उतरली आणि पलीकडून भिंतीवर ठकठक झाली.

मनोजने माउसवरचा हात उचलला. पलीकडे आक्का राहायची. इतका वेळ बिचारीने कळ काढली आणि शेवटी तिचा धीर सुटला, हे उघडच होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोदामं बांधणाऱ्या एका कंपनीसाठी मनोज चित्रं करायचा. रॅक कुठे, ट्रक कुठे लागणार, सगळं अगदी खरं वाटेल असं. कंपनीने मानकोलीचं ऑफिस बंद करून सगळ्यांना घरूनच काम करायला सांगितलं. वडपे गावातल्या घरात भाऊ-वहिनी आणि त्यांचा गोतावळा, म्हणून त्याने धामणकर नाक्यामागे काळूरामशेठच्या माळ्यावर खोली घेतली. त्याला शांतता हवी होती. ती इतकी मिळाली की दिवस दिवस स्वतःचा आवाजही कानावर पडत नसे. खाली पूर्वी कापडाचे यंत्रमाग होते. ते गेल्या वर्षी भंगारात गेले आणि तिथे आता कुणाकुणाची खोकी रचलेली असत. खोक्यांशी काय बोलणार?

आक्का बोलायची. तो राहायला आला त्याच दिवशी ती वाटीभर सुकटीचं कालवण घेऊन दारात उभी राहिली. "जेवलास का?" असं त्याला विचारणारं कुणी भेटून कितीतरी काळ लोटला होता. तिच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. जन्मभर तिने मागांच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या होत्या. नवरा तिथेच रातपाळीला होता, तो गेल्यावर ती एकटीच राहिली होती.

"तुझ्या मशीनचा आवाज येतो हां इकडं," ती एकदा जिन्यात म्हणाली. "दुपारची मी पडते ना, तवा भिंत पन हलते."

"कमी करतो, आक्का," तो ओशाळून पुटपुटला. तिने हसून मान डोलावली.

तिची वाटी अजून त्याच्याकडेच होती. वाटी रिकामी परत देऊ नये, आणि भरून द्यायला त्याच्या घरात नूडल्सखेरीज काही नसे.

कॉम्प्युटर हलवायला जागा नव्हती. प्लग त्याच भिंतीला, तोही एकुलता एक. वर पत्रे, त्यात एप्रिलची दुपार. चित्र पक्कं करायला रेंडर लावला की प्रोसेसर तापायचा आणि पंखा जीव तोडून फिरायचा. पण मदरबोर्ड प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्तच व्होल्टेज पाजत असतो, हे मनोजला ठाऊक होतं. ते उतरवलं की उष्णता कमी, आणि उष्णता कमी की पंखा गप्प.

तो कामाला लागला. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीटचं बटण दाबायचं, बोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरायचं, व्होल्टेज एक पायरी खाली आणायचं आणि रेंडर लावून बघायचा. मशीन मध्येच गोठलं तर एक पायरी परत वर.

पंख्याचा सूर खरोखरच उतरला. भिंतीवरची ठकठक मात्र वाढली. मनोजला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. एखाद्या आवाजावर एकदा मन चिडलं की त्याची कुजबुजही खुपते. तो आणखी खाली गेला.

मग मेमरीची पाळी आली. ती तिच्या कुवतीपेक्षा सावकाश चालत होती. वेग वाढवला तर रेंडर लवकर आटपेल आणि पंखा कमी वेळ फिरेल. इथे त्याने हावरटपणा केला. वेग चढवला आणि वर मेमरीचंही व्होल्टेज उतरवलं. स्क्रीन काळी झाली ती काळीच राहिली. बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी काढून परत बसवण्यात आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं मांडण्यात अख्खी दुपार गेली. त्या दुपारी तर पलीकडे ठकठक थांबतच नव्हती. मशीन बंद होतं, तेव्हा त्याचा काही संबंध नव्हता. खलबत्त्यात काहीतरी कुटत असेल, असं म्हणून त्याने सोडून दिलं.

जिन्यात आक्काचं पाऊल वाजलं की तो दार लोटून घेई. एकदा तिने बाहेरून हाकही मारली.

"मनोज, हायस का रे?"

तो श्वास रोखून बसून राहिला. काय तोंड दाखवणार? विचारपूस करणारं एकच माणूस उरलं होतं आणि त्याच्याच मनातून आपण उतरतोय, या विचाराने त्याला जेवणही गोड लागेना. मशीन गप्प होईल त्या दिवशीच तिच्यापुढे जायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

आणि एके दिवशी ते जमलं. मेमरी बेताच्या वेगावर, व्होल्टेज खाली, पंखा अगदी संथ. भर दुपारी त्याने सगळ्यात मोठा रेंडर लावला आणि भिंतीला तळहात टेकवला. भिंत जराही हलत नव्हती. पलीकडूनही ठकठक नाही. रेंडर संपला तरी नाही. मनोज एकटाच हसला.

तो धावत नाक्यावर गेला, गरम जिलबी आणली आणि आक्काची वाटी शिगोशीग भरली.

आक्काच्या दाराला कुलूप होतं.

काळूरामशेठ खाली खोक्यांशेजारी खुर्ची टाकून बसला होता. "आक्का? सकाळीच गेली ती भाचीकडं. कायमची. सामान पन नेलं."

मनोज वाटी धरून तसाच उभा राहिला. "माझ्या मशीनमुळे ना? शेठ, आता अजिबात आवाज नाही. वर येऊन बघा. तिला सांगा ना, परत ये म्हणावं."

"भाचीच्या खोलीखाली रातदिस माग चालतात, तिथं झोप लागंल म्हनली." शेठने वाटीतली एक जिलबी उचलली. "हितं माग गेले तवापासून तिला झोपच न्हवती. तुझी मशीन आली, तवा दुपारचा जरा डोळा लागायला लागलेला म्हनं. पन भिंत कितीबी ठोकली, तरी पोरगा आवाज वाढवीतच न्हाय."