साहेबांचं इंग्रजी

मरगळलेल्या कर्मचाऱ्यांमध्ये जोश भरायचा म्हणून साहेबांनी भाषण ठेवलं आणि फलकावर इंग्रजीत लिहायला सांगितलं, ‘आय विल एनर्व्हेट यू!’

टायपिस्टबाई चाचरत म्हणाल्या, “साहेब, तुम्हाला एनर्जाइझ म्हणायचंय का? एनर्व्हेट त्याच्या अगदी उलट आहे. मूळ लॅटिन, स्नायू काढून घेणं. म्हणजे माणसाचं त्राणच घालवणं.”

“आता तुम्ही मला इंग्रजी शिकवणार? सांगितलंय तेवढं लिहा!”

बाईंनी तसंच लिहिलं. साहेब जेवणाची सुट्टी गिळून सलग तीन तास बोलले. शेवटी टाळ्या वाजवायलाही कुणाचा हात उचलेना.



संध्याकाळी बाईंनी अहवालात एकच ओळ टाइप केली : ‘साहेबांनी दिलेला शब्द तंतोतंत पाळला.’